बंपरवरचं ट्रेलर सॉकेट हलवायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या मागच्या बंपरखाली ट्रेलरचं सात पिनांचं गोल सॉकेट पत्र्याच्या पट्टीवर लटकतंय. चढ-उतारावर ते जमिनीला घासतं, चिखल आत जातो. ते वर काढून बंपरच्या दर्शनी भागात, उजव्या कोपऱ्याकडे बसवायचं आहे. त्यासाठी वायर साधारण अर्धा मीटर कमी पडते. तेवढा तुकडा मधे जोडला तर चालेल का?

वायर जोडली तर चालेल, आणि नीट जोडली तर पुढची अनेक वर्षं त्रास होणार नाही. पण उजवा कोपरा मी सुचवणार नाही. या कामात बहुतेकांचं सगळं लक्ष वायरकडे असतं आणि जागा मात्र भोक पाडायला सोयीची दिसली म्हणून ठरते. खरं तर वायर हा सोपा भाग आहे. जागा चुकली तर उत्तम वायरिंगसुद्धा पहिल्याच तीव्र वळणावर उपटून निघतं.

वळताना ट्रेलर टो-बॉलभोवती (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर तो अडकतो त्याभोवती) फिरतो. त्याची केबल ड्रॉबारवर (ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर) कुठेतरी क्लिपने पकडलेली असते, आणि तिथून सॉकेटपर्यंतचं अंतर वळणाप्रमाणे बदलत राहतं. समजा ती क्लिप टो-बॉलच्या मागे ५० सेंटीमीटरवर आहे आणि सॉकेट टो-बॉलच्या उजवीकडे ३० सेंटीमीटरवर. सगळं सरळ रेषेत असताना हे अंतर होतं ५८ सेंटीमीटर. आता ड्रॉबार ६० अंशांनी डावीकडे झुकला तर तेच अंतर ७७ सेंटीमीटर होतं, म्हणजे केबलला १९ सेंटीमीटर जास्त लागतात. उजवीकडे तितकाच झुकला तर अंतर २८ सेंटीमीटरवर येतं आणि तीच केबल ३० सेंटीमीटर ढिली पडून रस्त्यावर लोंबू लागते. सॉकेट टो-बॉलपासून फक्त १० सेंटीमीटर बाजूला असेल, तर डावीकडे जेमतेम ८ सेंटीमीटर जास्त लागतात आणि उजवीकडे ९ सेंटीमीटर ढील येते. बंपर आणि बॉल यांच्यातलं पुढचं-मागचं अंतर यात धरलेलं नाही, त्यामुळे तुमच्या गाडीवर आकडे थोडे बदलतील, पण कल तोच राहील. सॉकेट मध्यापासून जितकं दूर, तितकी केबल एका बाजूला ताणली जाणार आणि दुसऱ्या बाजूला घासली जाणार. त्यावर केबलची लांबी वाढवणं हा उपाय नाही. लांब केबलीने ताण जातो, पण लोंबणं आणखी वाढतं.

म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी ट्रेलर जोडा. सपाट, मोकळ्या जागेत गाडी हळूहळू मागे घेत दोन्ही बाजूंना शक्य तितका कोन करा आणि एका माणसाला बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून बघायला सांगा. सॉकेट ज्या ठिकाणी बसवायचं मनात आहे तिथे मास्किंग टेपने पुठ्ठ्याचा तेवढाच तुकडा चिकटवा, प्लग लागल्यावर जेवढा बाहेर येईल तेवढा पुढे आलेला. ड्रॉबारचा कोन, जॉकी व्हीलचा (ट्रेलरच्या पुढच्या छोट्या आधाराच्या चाकाचा) दांडा, ट्रेलरच्या पुढच्या पेटीचा कोपरा, सुरक्षेच्या साखळ्या, यांपैकी काहीही त्या पुठ्ठ्याला लागलं तर ती जागा बाद. साखळ्या आणि ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी) केबलच्या वाटेत येऊ देऊ नका. ही तार सॉकेटच्या पट्टीला अडकवण्याची सवय काही जणांना असते, ती तर अजिबात नको. ट्रेलर सुटलाच तर ताण आधी त्या पातळ पट्टीवर येईल, पट्टी वाकेल आणि ब्रेक लागायला उशीर होईल.

आता बंपरच्या आत काय आहे ते बघा. बाहेरचं प्लॅस्टिक म्हणजे फक्त कवच. बहुतेक आधुनिक गाड्यांत ते पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचं, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं असतं. त्यामागे फोम आणि त्यामागे स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची आडवी तुळई. अपघातात मागून बसणारा धक्का ही तुळई घेते. तिला भोक पाडायचं नाही, तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही, सोय कितीही दिसली तरी. कोपऱ्यांत अनेक गाड्यांचे ब्लाइंड-स्पॉट रडार असतात आणि ते प्लॅस्टिकच्या आडूनच बघतात. रडारसमोर धातूची पट्टी किंवा वायरचा जुडगा आला की ते आंधळं होतं किंवा खोटे इशारे देतं. उजवा कोपरा नको म्हणण्याचं हे दुसरं कारण. पार्किंग सेन्सरच्या आसपासही सॉकेट बसवू नका. बाहेर आलेलं झाकण सेन्सरला अडथळा वाटतं आणि ट्रेलर नसतानाही रिव्हर्स टाकला की सतत बीप वाजत राहते. सायलेन्सरच्या तोंडापासून निदान १५ सेंटीमीटर लांब राहा, आणि धुराचा झोत थेट येत असेल तर अंतर कितीही असलं तरी नको. नंबर प्लेट, तिचा दिवा आणि मागचे दिवे प्लग लावल्यावरही पूर्ण दिसले पाहिजेत. मागचं दार खाली उघडणारी गाडी असेल तर दार पूर्ण उघडून बघा. गाडीखालून उतरणारी स्टेपनी असेल तर तीही एकदा खाली सोडून बघा, नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर लक्षात येईल की वायर तिच्या वाटेत आहे.

या सगळ्यातून उरते ती जागा बहुधा टो-बॉलच्या अगदी बाजूला, बंपरच्या खालच्या काठाच्या किंचित वर. तुमच्या गाडीवर मला सगळ्यात बरा वाटणारा मार्ग म्हणजे बंपरला भोक न पाडता टो-बारच्याच (टो-बॉल धरणाऱ्या चौकटीच्याच) आडव्या दांड्याला नवी, उंच ब्रॅकेट बोल्टने लावणं. ब्रॅकेट ३ मिलिमीटर जाड पत्र्याची असली तर हलत नाही. सॉकेट मागे घेऊन टो-बारच्या सावलीत ठेवलं की ते घासण्यापासून वाचतं आणि बंपर अखंड राहतो. टो-बारच्या मूळ रचनेत भोकं असतील तर तीच वापरा. भार घेणाऱ्या भागात नवीन भोक पाडू नका.

तरीही बंपरमध्येच हवं असेल, तर दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे मागून आधार. प्लग ओढताना जोर लागतो आणि नुसतं प्लॅस्टिक वाकत राहून बोल्टच्या भोकांपासून तडकतं. आतून सॉकेटपेक्षा मोठी अॅल्युमिनियमची पट्टी ठेवून तिच्यावर नट घट्ट करा. दुसरी गोष्ट ड्रिलचा वेग. होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) हळू फिरवा. वेग जास्त झाला की प्लॅस्टिक कापलं न जाता वितळतं आणि कडा फाटक्या निघतात. सॉकेटबरोबर आलेली रबरी गॅस्केट हाच भोकाचा नमुना समजा.

झाकणाची बिजागरी वर आली पाहिजे, म्हणजे झाकण स्वतःच्या वजनाने बंद राहील. सॉकेटच्या बुडाशी पाणी निघायला खाच असते, ती खालीच राहू द्या. पाणी आत येऊ नये म्हणून मागची बाजू सिलिकॉनने पूर्ण बुजवण्याचा मोह टाळा. पाणी पुढून, पिनांच्या बाजूनेही शिरतं, आणि बाहेर पडायला वाट नसली की आतच साचून पितळ हिरवं करतं. केबल आत शिरते तिथे रबरी बूट पुरे. सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातलं अॅसिड तांब्याला खातं. न्यूट्रल प्रकारचं मिळतं, ते वापरा. केबल सॉकेटमध्ये खालून वर चढत शिरू द्या. वरून उतरत शिरली तर पाणी तिच्या अंगावरून थेट टर्मिनलपर्यंत जातं.

आता तुमचा मूळ प्रश्न, वायरचा. लांबीची भीती काढून टाका. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या लवचिक वायरचा रोध मीटरमागे साधारण ०.०१३ ओहम असतो. ब्रेकचे २१ वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर ३.५ अँपिअर घेतात. म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये व्होल्टेज पडतं ते ०.०२ व्होल्टच्या आसपास, कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही इतकं. पण एखादा ढिला क्रिम्प (दाबून बसवलेला जोड) किंवा गंजलेला जोड अर्ध्या ओहमचा झाला, तर तिथेच दीड व्होल्टहून जास्त पडतं. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की उजेड ३० टक्क्यांनी घटतो. मागच्या गाडीवाल्याला तुमचा ब्रेक दिसतो की नाही हे त्या एका जोडावर अवलंबून असतं, वाढीव अर्ध्या मीटरवर नाही.

त्यामुळे माझी पहिली पसंती जोड नसलेल्या वायरिंगला. गोल सॉकेटच्या मागे बहुधा स्क्रू टर्मिनल असतात. मूळ वायर जिथून सुरू होते तो जंक्शन बॉक्स किंवा ट्रेलर मॉड्यूल (ट्रेलरचे दिवे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जवळच, डिकीच्या आतल्या पॅनेलमागे असेल, तर तिथून सॉकेटपर्यंत सात कोअरची अखंड नवी ट्रेलर केबल टाका. स्क्रूखाली वायरची टोकं पिन-लग (टोकावर बसणारी धातूची टोपी) क्रिम्प करून घाला. टोकाला कथिल लावून स्क्रू आवळणं टाळा. कथिल दाबाखाली हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी स्क्रू आपोआप ढिला पडतो.

मधे जोड द्यावाच लागला तर आतून गोंद असलेल्या हीट श्रिंक स्लीव्हचे क्रिम्प जोड वापरा. इन्सुलेटेड क्रिम्पचा रंग वायरच्या जाडीप्रमाणे ठरलेला असतो: लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळा अडीचपर्यंत, पिवळा ४ ते ६ साठी. निळ्या क्रिम्पमध्ये बारीक वायर कोंबून पक्कडीने चेपली तर ती हाताने ओढली तरी निघते. क्रिम्पिंगचं खरं हत्यार वापरा आणि प्रत्येक जोड जोराने ओढून बघा. सोल्डर केलेला जोड विजेच्या दृष्टीने उत्तम असतो, पण कथिल तारांमध्ये पुढे झिरपतं आणि जिथे संपतं तिथे वायर एकदम कडक होते. गाडीच्या कंपनांत ती नेमकी तिथेच तुटते. सोल्डर करायचंच असेल तर दोन्ही बाजूंना आधार देऊन बांधा. इन्सुलेशनमध्ये पातं घुसवून वायर टोचणारे निळे-लाल क्लिप-जोड बंपरखाली नकोतच. ते तारा अर्धवट कापतात आणि कापलेल्या जागेतून ओल आत खेचतात. सातही जोड एकाच जागी आणू नका, तीन-तीन सेंटीमीटर मागेपुढे ठेवा. जुडगा सडपातळ राहतो, आणि एखादी स्लीव्ह फाटली तरी शेजारच्या वायरीशी शॉर्ट होत नाही. वरून लवचिक खाचदार नळी, आणि पत्र्यातून जाताना ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी). ग्रोमेटशिवाय पत्र्याच्या कडेवर टेकलेली वायर कधी ना कधी सोलली जाणारच.

सगळ्यात जास्त काळजी मी पांढऱ्या वायरची घेतो, म्हणजे अर्थची (अर्थिंगची, करंट परत नेणाऱ्या वायरची). बाकीच्या प्रत्येक वायरीतून आपापल्या दिव्यांचा करंट जातो, पण परतताना सगळे एकाच अर्थमधून येतात. ब्रेकचे ३.५ अँपिअर, इंडिकेटरचे पावणेदोन, फॉग लॅम्पचे तितकेच आणि टेल लॅम्पचे, सगळे मिळून ७-८ अँपिअर. म्हणून इतर वायरी दीडच्या असल्या तरी अर्थ अडीच चौरस मिलिमीटरची ठेवा. सॉकेट नवीन ब्रॅकेटवर आलं की अर्थ तिथेच बोल्टखाली दाबून टाकायची फार जणांना सवय आहे. तसं करू नका. बंपर प्लॅस्टिकचा असतो, टो-बारवर पावडर कोटिंग असतं, आणि बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतो. मूळ अर्थ जिथे जाते त्याच जागेपर्यंत पांढरी वायर इतर वायरींबरोबर न्या. ती जागाच गंजली असेल तर रंग खरवडून चकचकीत धातू काढा, रिंग-लग आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा, आधी नाही.

अर्थ गेली की लक्षणं चमत्कारिक दिसतात आणि माणूस भलत्याच वायरी तपासत बसतो. ब्रेक दाबला की टेल लॅम्प मंद पेटतात, एक इंडिकेटर लावला की दुसरीकडचं काहीतरी लुकलुकतं. कारण ट्रेलरमधले सगळे बल्ब एका सामाईक बिंदूला जोडलेले असतात. तो बिंदू गाडीपासून तुटला की ब्रेकचा करंट टेल लॅम्पच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि गाडीच्या स्वतःच्या टेल लॅम्पमधून चेसिसला पोचतो. कधी तो टो-बॉल आणि कपलिंगच्या धातूतून परततो. अशा वेळी उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं आणि चालताना दिवे थरथरतात, कारण ग्रीस लावलेला बॉल कधी टेकतो, कधी नाही. एलईडी दिव्यांतून करंट उलटा जात नाही, त्यामुळे ते बहुधा सरळ बंद पडतात. दोन किंवा जास्त दिवे एकमेकांत गुंतल्यासारखे वागले की आधी पांढरी वायर बघा.

रंगांवर मात्र डोळे मिटून भरवसा ठेवू नका. युरोपीय पद्धतीच्या सात पिनांच्या १२एन सॉकेटमध्ये पिवळा डावा इंडिकेटर, हिरवा उजवा, पांढरा अर्थ, लाल ब्रेक, निळा मागचा फॉग लॅम्प, तपकिरी उजवा टेल आणि काळा डावा टेल असतो. उत्तर अमेरिकेच्या चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये तपकिरी दोन्ही बाजूंच्या टेलचा असतो, आणि पिवळ्या-हिरव्यातून इंडिकेटरबरोबर ब्रेकही जातो. तिथल्या सात पात्यांच्या सॉकेटात निळा इलेक्ट्रिक ब्रेकचा आणि काळा सहसा बॅटरीच्या कायम पुरवठ्याचा असतो. म्हणजे निळी वायर एका जागी फॉग लॅम्पची तर दुसऱ्या जागी चाकांच्या ब्रेकची. सॉकेट उघडण्याआधी मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो काढा, प्रत्येक वायरीवर पिनचा क्रमांक लिहिलेली टेप लावा, आणि जोडताना क्रमांकाला क्रमांक जुळवा. इलेक्ट्रिक ब्रेकची वायर असेल तर ती मूळ जाडीपेक्षा बारीक करू नका. प्रत्येक ब्रेकच्या चाकामागे साधारण ३ ते ४ अँपिअर लागतात. १३ पिनांच्या सॉकेटात ३, ११ आणि १३ या पिना वेगवेगळ्या अर्थ आहेत. वायर वाचवायला त्या एकत्र जोडू नका.

गाडीत ट्रेलर मॉड्यूल असेल तर फक्त मॉड्यूल ते सॉकेट एवढाच भाग लांबवा. मॉड्यूलच्या गाडीकडच्या बाजूला एकमेकींभोवती पिळलेल्या डेटाच्या वायरी असतात, त्यांना कात्री लावायची नाही. काही सॉकेटांच्या आत एक छोटा स्विच असतो आणि त्याला दोन बारीक वायरी जातात. प्लग लागला की तो गाडीचा मागचा फॉग लॅम्प बंद करतो. नवीन सॉकेट घेताना तसाच स्विच असलेलं घ्या आणि त्या दोन वायरीही पुढे न्या. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. कायम पुरवठ्याची वायर चावी काढली तरी जिवंत असते. याच कारणाने ओल्या सॉकेटात ती पिन सगळ्यांत आधी झिजते: पाणी आणि मीठ यांच्यातून तिच्यापासून अर्थकडे सतत करंट गळतो आणि पॉझिटिव्ह पिनचा धातू विरघळत जातो. त्या वायरीत इग्निशनवर चालणारा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) घातला तर पिनेचं आयुष्य खूप वाढतं. पिनांना डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात पुरतो, थापू नका.

तपासताना आधी साधा टेस्ट लॅम्प वापरा, फक्त मल्टिमीटर नव्हे. एकाच तारेवर लटकलेला जोडसुद्धा मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. टेस्ट लॅम्पचा बल्ब भार टाकतो आणि तो मंद पेटला की जोड कच्चा आहे हे लगेच कळतं. फक्त मॉड्यूल असलेल्या गाडीत टेस्ट लॅम्प सॉकेटच्या पिनांवरच लावा, डेटा वायरींना नाही. त्यानंतर ट्रेलर जोडून सगळे दिवे लावा आणि मीटरचं एक टोक सॉकेटच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थ उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या पुढे असेल तर पांढऱ्या वायरीचा एकेक जोड तपासत मागे जा.

पहिल्या फेरीत दिवे लावून अर्धा तास ट्रेलर ओढा, मग थांबून इग्निशन बंद करा, लगेच प्लग काढा आणि मागच्या बाजूला हात लावून बघा. प्लग कोमट लागला तर हरकत नाही. एखादी बाजू चटका देण्याइतकी गरम असेल तर त्या पिनेची पकड ढिली आहे किंवा तिच्या मागचा स्क्रू पुरता आवळलेला नाही. तिथेच सॉकेट उघडा आणि तो स्क्रू आधी बघा.